मिल्ट्रीचा जनरेटर एवढा अवजड का असतो, आणि तो खरंच जास्त टिकतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्या तरुणाचा प्रश्न आलाय. लिलावात सुटलेला मिल्ट्रीचा १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर त्यांनी एका भंगारवाल्याच्या आवारात पाहिला. हिरवा रंग, दोन चाकांचा ट्रेलर, आणि शेजारी उभी असलेली मारुती व्हॅन लहान दिसावी असं अंग. त्यांच्या दाजींकडं पेट्रोलवरचा २ केव्हीएचा सायलेंट सेट आहे, तो एका हातानं उचलून डिकीत टाकता येतो. भंगारवाला म्हणाला, "मिल्ट्रीचा माल हाय, डोळं झाकून घ्या. नातवाला पुरंल." तर एवढा फरक कशामुळं, नातवाला पुरेल हे खरं का, आणि पावसाळ्यात रात्र-रात्र लाईट नसते तेव्हा शेडसाठी हा घ्यावा का, असे त्यांचे तीन प्रश्न. लोड त्यांनी नीट लिहून दिलाय, फार बरं केलं: ३ एचपीचा थ्री फेज बोअर पंप, अर्ध्या एचपीचे चार पंखे, आणि पिल्लांच्या उबेसाठी दीड किलोवॉटचे बल्ब.

मी ईएमईत, म्हणजे सेनेच्या दुरुस्तीच्या कोअरमध्ये, चोवीस वर्षं काढली. त्यातली बरीच जनरेटरच्या शेजारीच गेली. आता उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यामुळं घरटी एक फौजी असल्यासारखी परिस्थिती, त्यामुळं 'मिल्ट्रीचा' या शब्दाला आपल्याकडं वजन आहे. मलाही त्या शब्दाचा अभिमान आहे. पण जनरेटर विकत घेताना तो अभिमान खुंटीला टांगून ठेवा.

आधी आकाराचं बोलू. दाजींचा २ केव्हीए आणि हा १५ केव्हीए यांची तुलनाच होत नाही. बकरी आणि बैल कशाला शेजारी उभे करायचे? सारख्याला सारखं लावून बघू. अमेरिकन सैन्याच्या सेटांचे आकडे उघड छापलेले असतात, म्हणून तेच घेतो. त्यांच्याकडं एमईपी-८३१ए नावाचा ३ किलोवॉटचा डिझेल सेट आहे. वजन सुमारे १५० किलो. बाजारातला तेवढ्याच ताकदीचा होंडाचा पेट्रोल इन्व्हर्टर सेट, ईयू३०आयएस, साधारण ६० किलोचा. गंमत अशी की त्या मिल्ट्रीच्या सेटमध्येही इन्व्हर्टरच आहे, आणि इंजिन यानमारचं, बाजारात मिळणाऱ्या जातीचंच. म्हणजे आत कुठलंही गुप्त तंत्र नाही. तरी अडीचपट वजन. १० किलोवॉटचा एमईपी-८०३ए तर ५३५ किलोच्या घरात जातो. त्याचं इंजिन ओनानच्या नावाचं असलं तरी मुळात लिस्टर-पेटरच्या घराण्यातलं. आपल्याकडं विहिरीवर आणि गिरणीत जी राजकोटी इंजिनं 'टुक-टुक' करत असायची, त्यांचा मूळपुरुषही लिस्टरच. म्हणजे भाऊबंदच म्हणायचे.

मग वाढलेलं वजन जातं कुठं? थोडं डिझेलमुळं. पेट्रोल इंजिनात हवा आठ-नऊ पट दाबली जाते, डिझेलमध्ये अठरा-वीस पट. तेवढा दाब सोसायला ब्लॉक, हेड, क्रँक सगळंच जाड लागतं. पण मोठा भाग जातो तो वेगात. आपली वीज ५० सायकलची (म्हणजे ५० हर्ट्झची). अल्टरनेटर, म्हणजे सेटमधला वीज तयार करणारा भाग, चार पोलचा असेल तर ती १५०० आरपीएमला मिळते, दोन पोलचा असेल तर ३०००ला. ३०००वर पळणाऱ्या इंजिनाला त्याच कामासाठी साधारण निम्मं आकारमान पुरतं, म्हणून बाजारातला स्वस्त, उचलता येणारा सेट ३०००चा असतो. पण पिस्टनही दुप्पट वेळा वर-खाली होतो, आणि झीज दुपटीवर थांबत नाही. माझ्या हाताखालून गेलेले एअर-कूल्ड पेट्रोल सेट हजार-दोन हजार तासांत बोअरला लागले. १५०० आरपीएमचा डिझेल, तेल-फिल्टर वेळेवर असेल तर, दहा हजार तासांपर्यंत हेड न उघडता गेलेला मी पाहिलाय. यात मिल्ट्रीचा संबंध नाही. तुमच्या गावातला १५००चा साधा सेटही ३०००च्या सेटला असाच मागं टाकेल. दाजींच्या इन्व्हर्टर सेटचं तंत्र आणखी वेगळं: त्यात इंजिन लोडप्रमाणं हळू-जोरात पळतं, निघालेली वीज आधी डीसी होते आणि कार्ड तिची पुन्हा ५० सायकल करतं. हलका, शांत, पेट्रोलही कमी. फक्त ते कार्ड गेलं की राळेत ओतून बंद केलेलं असतं, दुरुस्त होत नाही, आणि नव्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

आता येतो मुख्य मुद्दा, तो म्हणजे प्लेट. सेटच्या अंगावर रिव्हेट केलेली नेमप्लेट असते. तिच्यावरचा आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे, हे कोणी विचारतच नाही. बाजारातल्या छोट्या सेटवर मोठ्या अक्षरात 'मॅक्स' लिहितात. तेवढी ताकद थोडा वेळच मिळते, सलग चालवायची ताकद खाली बारीक अक्षरात. मोठ्या सेटांतही स्टँडबाय, प्राइम आणि कंटिन्युअस असे वेगवेगळे आकडे असतात. स्टँडबाय म्हणजे वर्षाला दोनशे तासांच्या आत, तेही सरासरी सत्तर टक्के लोडवर. तोच सेट रोज चालवायचा म्हटलं की आकडा खाली येतो. शिवाय हे सगळं २५ अंश तापमान आणि जवळपास समुद्रसपाटी धरून. मोजायची साधी पद्धत अशी की टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीला सुमारे तीन टक्के दम सोडतं. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडंच सात-साडेसात टक्के गेले. लेह ३५०० मीटरवर. तिथं एक तृतीयांश ताकद हवेतच जाते.

फौजेला हाच सेट उद्या लेहला न्यायचा असतो, परवा जैसलमेरला. पाच किलोवॉट मागितले तर लेहलाही पाचच मिळाले पाहिजेत, त्यामुळं इंजिन साडेसात किलोवॉटचं बसवावं लागतं. जैसलमेरच्या ४८ अंशांत पाणी उकळता कामा नये, म्हणून रेडिएटर दीडपट. मोटर किंवा रडार चालू होताना व्होल्टेज कोसळू नये, म्हणून अल्टरनेटरही एक घर मोठा. वायरलेसमध्ये खरखर येऊ नये म्हणून फिल्टर, शील्ड, जाड पत्र्याची पेटी. क्रेनच्या हुकासाठी कड्या, ट्रकवर बांधायला कडी, खाली घसरपट्टीसारखा चॅनेलचा पाया, चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या, आणि सलग आठ तास पुरेल एवढी टाकी. कशालाही 'एवढं कशाला?' असं विचारा, उत्तर कुठल्या तरी वाईट दिवसाचं असतं. त्यावर चाचण्या: धूळ, पाऊस, मीठ, बुरशी, हादरे, गारठा. अमेरिकन लोक यासाठी मिल-एसटीडी-८१० लावतात, आपल्याकडं इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रिकल सामानासाठी जेएसएस ५५५५५ आहे. ('मिल्ट्री ग्रेड' असं नुसतं छापलेलं मोबाईलचं कव्हरही मिळतं. कुठली चाचणी, किती तास, हे लिहिलेलं नसेल तर तो शब्द रंगासारखाच.)

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण माझ्या मते तीच खरी मिल्ट्री. लदाखमधली एक पहाट सांगतो. उणे वीसच्या खाली पारा, सेट रात्री बंद केलेला, आणि बॅटऱ्या आम्ही झोपण्यापूर्वीच काढून बंकरात बुखारीपासून, म्हणजे शेगडीपासून, हातभर अंतरावर ठेवलेल्या. गारठ्यात बॅटरीचा निम्म्याहून अधिक जोर जातो, त्यामुळं बॅटऱ्यांना माणसासारखं झोपवावं लागे. डिझेलमध्ये मेण धरून फिल्टर बंद झालेला. (लदाखसाठी उणे ३३पर्यंत न गोठणारं खास डिझेल इंडियन ऑइलनं २०१९मध्ये आणलं, त्याआधीचे सगळे हिवाळे जुगाडाचे.) हातात दोन-दोन मोजे, टॉर्च दातात. अशा वेळी बाजूचं दार उघडायला स्पॅनर शोधावा लागला असता तर मी रडलो असतो. त्या दाराचे स्क्रू पाव फेरीत सुटतात, आणि सुटून खाली पडत नाहीत, दारालाच लटकून राहतात. बर्फात पडलेला स्क्रू मे महिन्यातच सापडतो! आत फिल्टरची वाटी मोज्यासकट हाताला लागेल अशी बाहेर काढलेली. हवा काढायचा स्क्रू समोरच. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची नळी, आणि दाराच्या आतल्या बाजूला तेच नंबर घातलेला सर्किटचा नकाशा कोरलेला. फिल्टर बदलून, हवा काढून, बॅटऱ्या जोडून वीसेक मिनिटांत सेट चालू झाला. त्याच कामाला बाजारातल्या बंद डब्याच्या सेटवर आधी चार पॅनल, मग सायलेन्सरचं कव्हर, मग कुठल्या तरी कोपऱ्यातला दहा नंबरचा बोल्ट.

हात शिरायला जागा पाहिजे असेल तर पेटी मोठीच होणार. म्हणजे आकाराचा एक हिस्सा लोखंडाचा, आणि एक हिस्सा नुसत्या मोकळ्या जागेचा. ती जागा मेकॅनिकसाठी सोडलेली असते.

टिकण्याचं उत्तर इथूनच निघतं. मिल्ट्रीचा सेट मोडत नाही हे साफ खोटं. तो मोडतो, आणि बऱ्याचदा मोडतो, कारण त्याला धूळ खात, ट्रकवर आदळत, कुणीही नवखा पोरगा बटण दाबेल अशा अवस्थेत राहावं लागतं. फक्त मोडला की त्याच्याकडं बघणारा माणूस ठरलेला असतो. मेंटेनन्स परेडच्या दिवशी सेट धुवून-पुसून बाहेर काढायचा, तेल बघायचं, बॅटरीचं पाणी बघायचं, चालवून मीटर नोंदवायचे. लॉगबुकात तास, तेल, सही. सही खोटी निघाली तर जेसीओ साहेब सोलून काढायचे. ठरावीक तास झाले की सेट मागच्या वर्कशॉपला, त्याहून मोठं काम असलं तर बेस वर्कशॉपला, तिथं पूर्ण उघडून पुन्हा बांधला जातो. तीस वर्षांचा मिल्ट्री सेट दाखवून लोक म्हणतात, बघा किती टिकला. अहो, त्यात तीस वर्षांपूर्वीचं काय उरलंय? लायनर बदलले, पिस्टन बदलले, वाइंडिंग दोनदा भरलं.

याची दुसरी बाजू खानापूर भागातल्याच एका भात गिरणीत बघायला मिळते. तिथं ५ एचपीचं सिंगल सिलिंडर किर्लोस्कर इंजिन आहे, मालकाच्या वडिलांनी घेतलेलं. (किर्लोस्करांची सुरुवात बेळगावातली, १८८८मधलं सायकलचं दुकान. १९१०मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. आपल्या गावाच्या हातातून काय गेलं बघा.) तो मालक ऑईल कधी चुकवत नाही. भिंतीवर खडूनं तारखा लिहिलेल्या असतात, जुन्या पुसून नव्या. मी एकदा म्हटलं, आता नवीन घ्या की. तर म्हणाले, "कशाला ओ? हे चालायलंय की अजून." त्या इंजिनाला ना हिरवा रंग, ना चाचणी, ना कडी. भिंतीवरचा खडू तेवढा आहे. फौजेच्या लॉगबुकाचं काम तो खडू करतो.

आता तुमच्या शेडचं. इथं एक उलटी गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. लेहला जी राखीव ताकद सेटला वाचवते, तीच इथं त्याला आजारी पाडते. तुमच्या रात्रीच्या लोडचा हिशेब करा. पंप बंद, पावसाळ्यात पंखेही बंद, नुसते बल्ब, म्हणजे दीड किलोवॉट. १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॉट. लोड साडेबारा टक्के. डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली तासन्तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं काळं चिकट तेल सायलेन्सरच्या जोडातून ओघळायला लागतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात, आमचे पोरगे म्हणायचे, "उस्ताद, सेट ओकायला लागला." पुढं इंजेक्टरच्या टोकावर कार्बन, रिंगा चिकटतात, तेलात डिझेल उतरतं. फौजेतही हे होतं, कारण १५चा सेट देऊन त्यावर चार ट्यूबलाईट आणि एक चार्जर लावणारे काही कमी नसतात. आम्ही त्यावर पाण्याच्या पिंपात हीटर सोडून महिन्यातून दोन तास सेट जवळपास पूर्ण लोडवर पळवायचो. सायलेन्सरमधून आधी पांढरा, मग काळा, मग निळसर धूर, आणि शेवटी स्वच्छ. तुम्ही शेडवर हे कराल? डिझेलचा भाव बघून तुमचा हात थरथरेल. नुसत्या बल्बांवरही १५ केव्हीएचा सेट ताशी सव्वा-दीड लिटर पितोच, आणि दाजींचा सेट तेच बल्ब ताशी लिटरभर पेट्रोलवर सांभाळतो.

सगळं एकदम चालवलं तर? पंप आत ओढतो २.८ किलोवॉट, पंखे मिळून दोन, बल्ब दीड. एकूण सव्वासहा किलोवॉटच्या आसपास. पण मोटर डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना सहापट करंट मागते. ३ एचपीचा पंप चालताना पाच अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर तीस. म्हणून ५ केव्हीएवर तो पंप उचलणार नाही, कितीही भारी कंपनीचा सेट असला तरी. डायरेक्ट स्टार्टरला एचपीच्या अडीच ते तीन पट केव्हीए धरायचे, हा माझा नेहमीचा अंदाज. त्यानं १० केव्हीए येतात. १० केव्हीए म्हणजे ८ किलोवॉट. त्यावर सव्वासहाचा लोड पंचाहत्तर-ऐंशी टक्के बसतो, इंजिनाला तेच मानवतं. सुरू करताना पंप आधी, मग एकेक पंखा, शेवटी बल्ब. उलटं कराल तर पंप उचलताना बल्ब मिचकतील आणि पंख्यांचे कॉन्टॅक्टर पडतील.

भंगारवाल्याच्या आवारातल्या सेटबद्दल मला खरी भीती वेगळीच आहे. फौज चांगला चालणारा सेट सहसा विकत नाही. तो एकतर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून बी.ई.आर. ठरवून काढलेला असतो, किंवा त्या जातीचे सुटे भाग मिळणं बंद झालं म्हणून. मग एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावातून लॉटच्या लॉट उचलले जातात आणि वरून रंग मारला जातो. दोन्हींत आजार तुमच्या घरी येतो, औषध आणि डॉक्टर मात्र फौजेतच राहतात. सेट वर्ष-दोन वर्षं यार्डात पडलेला असेल तर इंजेक्शन पंपाचे सील वाळलेले असतात, टाकीत गंज, खालचे रबरी माउंट दगड झालेले. वाइंडिंग ओलं. आपल्या भागात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, उघड्यावर एक पावसाळा काढलेला अल्टरनेटर मी मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) न लावता कधीच चालू करत नाही. पाचशे व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओहमही दाखवत नसेल तर आत शंभर वॉटचे दोन बल्ब सोडून, वर पोतं टाकून, दोन-तीन दिवस सुकवावं लागतं. घाईनं चालू करून वाइंडिंग जाळलेले लोक माझ्याकडंच येतात, तेव्हा तक्रार नाही. पण चुलीतनं काढलेल्या जोंधळ्याच्या ताटासारखं काळं वाइंडिंग बघून वाईट वाटतंच.

आणि एक सापळा, तो मात्र निव्वळ मिल्ट्रीचाच. फौजेचे सगळे सेट घरच्या विजेचे नसतात. वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करणारे सेट २४-२८ व्होल्ट डीसी देतात. रडार, क्षेपणास्त्रं, विमानं यांच्यासाठीचे सेट ४०० सायकलची वीज देतात, कारण ४०० सायकलवर ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी फार हलक्या होतात. बाहेरून दोन्ही हिरवेच. एका ओळखीच्या मंडपवाल्यानं असाच एक सेट स्वस्तात उचलून गणपतीच्या आधी माझ्याकडं आणला. इंजिन सोन्यासारखं. एलईडीची माळ लागली, गडी खूश. पंखा लावला तर नुसता गुणगुणला, फिरेना. मी प्लेटवरचा रंग खरवडला, तर खाली ४००. अल्टरनेटर काढून दुसरा बसवायचा म्हटलं तर कपलिंग, पाया, पॅनल सगळं बदलावं लागत होतं, त्यात नवा सेट आला असता. शेवटी त्यानं इंजिन वेगळं विकलं. मिरवणुकीला भाड्याचा सेट आणला, तो रात्रभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत चालला, आपली मिरवणूक तुम्हाला माहीत आहेच.

'मग जुनं सिव्हिलियन घेऊ का?' असं विचाराल म्हणून सांगतो. मोबाईल टॉवरवरून उतरवलेले १५ केव्हीएचे सेट बरेच येतात, तेही बघून घ्या. अवर मीटर बदललेला असू शकतो, म्हणून मीटरवर जाऊ नका. इंजिन गरम करून डिपस्टिक काढा, त्या भोकातून फक-फक धूर येत असेल तर रिंगा गेल्या. नवीन घेणार असाल तर १ जुलै २०२३पासून केंद्रीय प्रदूषण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लसचे नियम आहेत. मोठ्या सेटांत आता ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सर आलेत, म्हणजे लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो. १० केव्हीएच्या आसपास अजून साधा यांत्रिक पंप मिळतो, आणि तो आपल्या खेड्यातल्या मेकॅनिकला कळतो. आवाजाचाही फरक आहे. नव्या सेटाला डब्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत राहावं लागतं. लिलावातले जुने उघडे सेट याच्या जवळपासही नसतात, आणि पिल्लं आवाजाला बुजतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तर माझा सल्ला असा. पंप आणि पंख्यांसाठी १५०० आरपीएमचा १० केव्हीएचा डिझेल, रात्रीच्या नुसत्या बल्बांसाठी दाजींसारखा छोटा सेट. दोन सेट म्हणजे खर्च वाटेल, पण मोठा रात्रभर ओकत राहण्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि एक बसला तरी पिल्लं गारठत नाहीत. छोटा सेट शेडच्या आत मात्र ठेवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण त्यानं माणूसही जातो आणि कोंबड्याही. चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसताना सेट लाईनला जोडलात तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवाशी खेळ होतो.

एवढं ऐकूनही तो हिरवा सेट मनातून जात नसेल, तर पैसे देण्याआधी एकदा पुन्हा जा. प्लेटवरचा रंग नखानं खरवडा, व्होल्ट आणि सायकल वाचा. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर चहा पिऊन या आणि दोन तासांनी बघा. बाजूचं दार उघडा, ते पाव फेरीचे स्क्रू सगळे आहेत का बघा. दोऱ्यानं नाहीतर बाइंडिंग वायरनं दार बांधलेलं असेल तर शेवटची काही वर्षं कोणी त्याच्याकडं बघितलं नाही हे समजा. दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याचा एक खिसा असतो, लॉगबुक ठेवायचा. बहुतेक वेळा त्यात उंदराचं घर असतं. पण लॉगबुक मिळालंच, तर शेवटच्या दहा पानांचे फोटो काढून पाठवा, मग किमतीचं बोलू.